उघडलं की मिटायलंय

बिघाड सांगायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. तरुण पोरं म्हणतात, "ॲप क्रॅश होतंय." बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणतात, "कालपासून सेवा खंडित आहे." आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, "हे लोक मुद्दाम करतात हो, आपण नवीन फोन घ्यावा म्हणून." आणि इचलकरंजीची माझी आत्या म्हणते, "उघडलं की मिटायलंय."

या सगळ्यांत नेमकं वर्णन आत्याचं. चिन्हावर बोट टेकवलं, पडदा उजळला, वरच्या दोन-तीन नावांची झलक दिसली आणि ती वाचायच्या आत सगळं मिटून पुन्हा कोरी होम स्क्रीन. यापेक्षा जास्त माहिती ते ॲप बनवणाऱ्या इंजिनिअरकडेही पहिल्या दिवशी नसते.

कुठलं ॲप, ते विचारू नका. इतकं घरचं झालंय, की नाव घ्यायचं तर उखाण्यातच घ्यावं लागेल. दुधाचा खाडा त्यावर, शाळेच्या बसचा उशीर त्यावर, साखरपुड्याचं आमंत्रण त्यावर आणि तेराव्याची वेळही त्यावरच. त्यामुळे ते बंद पडलं की पहिला पेच हा, की बंद पडल्याचं कळवायचं कशावरून? माझ्या एका मित्रानं बायकोच्या फोनवरून सगळ्या ग्रुपांवर लिहिलं, की माझं ॲप बिघडलंय, चार दिवस मी दिसणार नाही. भराभर अंगठे आले, हात जोडलेली चित्रं आली आणि दोघांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून टाकलं. वाचतो कोण?

आत्यानं सरळ फोन केला, आणि मला केला. कारण प्रत्येक घराण्यात एका माणसाला 'त्याला त्यातलं कळतं' ही पदवी चिकटलेली असते. पात्रता विचारायची नसते. एका गणपतीत मी मामांच्या टीव्हीचा रिमोट सुरू करून दिला होता. त्यातले सेल उलटे बसले होते, ते मी सुलटे बसवले. (आत्याचे यजमान म्हणजे आमच्याकडे मामाच.) तेव्हापासून इचलकरंजी, सांगली, मिरज या पट्ट्यात कुणाचंही काहीही अडलं की डोंबिवलीला फोन येतो. व्यवसायानं मी हिशेबनीस आहे, हे नातेवाईक सोयीनं विसरतात आणि मीही फार आठवण करून देत नाही. हिशेबनिसाला कुणी चहाचा आग्रह करत नाही.

आता दूर बसून दुसऱ्याचा फोन नीट करायचा, तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याची स्क्रीन आपल्याला दिसेल असं एखादं ॲप टाकायचं. मी तसं सुचवलं. पलीकडून काही ऐकू येईना. मग आवाज आला, तो एकदम कोरडा.

"कोण बोलतंय?"

"अगं, मी."

"मी म्हणजे कोण?"

यात तिचं काही चुकलं नाही. मध्यंतरी काही महिने कुणालाही फोन लावला की बेल वाजायच्या आधी अमिताभ बच्चनच्या आवाजात सायबर चोरांपासून सावध करणारी सरकारी सूचना ऐकावी लागे. सारा देश त्या सूचनेला वैतागला होता. आत्यानं मात्र ती प्रत्येक वेळी मन लावून ऐकली, कारण बच्चन बोलत असताना फोन ठेवणं तिला बरं वाटेना. स्क्रीन कुणाला दाखवायची नाही, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, ही दोन कलमं तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीत.

"माझ्या लग्नात तू कशात पडला होतास?" तिनं विचारलं.

"मठ्ठ्याच्या पिंपात."

"बरोबर. पण स्क्रीन दाखवणार नाही."

म्हणजे सगळी शस्त्रक्रिया तोंडी. त्यात रुग्ण आणि निरोप्या एकच: जो फोन बिघडलाय, त्याच्यावरूनच बोलणं चाललेलं.

"आत्या, आधी स्पीकर चालू कर."

"तो कुठं असतोय?"

"स्क्रीनवर बघ."

"स्क्रीन कानाला लावलीय की!"

यथावकाश फोन कानापासून निघाला, स्पीकर सापडला आणि त्या घरातले सगळे आवाज माझ्याकडे येऊ लागले. कुकर, टीव्हीवरची मालिका, खाली गल्लीत भंगारवाला आणि मामा. मी सांगितलं, सेटिंगमध्ये जा, दातेरी चाकासारखं चित्र असेल. मामा तिकडून म्हणाले, "चाक? किती दात्याचं? आण बघू इकडं."

मामांची उत्सुकता समजण्यासारखी आहे. त्यांचं सगळं आयुष्य यंत्रमागांवर गेलं. इचलकरंजीत मागांची दुरुस्ती करणाऱ्याला जॉबर म्हणतात. मामा पंचक्रोशीत नाव असलेले जॉबर. कारखान्यात चोवीस माग एकदम खडखडत असताना दारातूनच सांगायचे, की तिकडच्या कोपऱ्यातल्या मागाचा धोटा नीट जाईना झालाय. नुसत्या आवाजावरून. त्यामुळे आत्याचा फोन त्यांनी हातात घेतला तो थेट कानाशी नेला. ॲप उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं, मिटलं. मामा म्हणाले, "आवाजच न्हाई. आवाज न करता बंद पडायलंय म्हणजे बनवणाऱ्यानंच काहीतरी लपवून ठेवलंय." मला हे पटलं. माग बिघडण्याआधी कुरकुरतो, स्कूटर ठसकते, मिक्सरचा वास येतो. ॲप कुरकुरत नाही, ठसकत नाही. ते चालतं किंवा नसतं.

चाक सापडलं. मग 'ॲप्स'ची यादी. आत्या ती वरून खाली मोठ्यानं वाचायला लागली, आणि तिथं मला कळलं की माणसाचं त्याच्या फोनातल्या बऱ्याचशा रहिवाशांशी बोलणंच झालेलं नसतं. "कंपास आहे. मला कशाला कंपास? ... शेअर बाजाराचं काहीतरी आहे. ... हे बाळाच्या वजनाचं कुणी टाकलं? ... तीनपत्ती आहे." मग जरा थांबून, "तीनपत्ती कुणी टाकली?" मामा पाणी प्यायला आत गेले असावेत, कारण त्यानंतर बराच वेळ त्यांचा आवाज आला नाही.

आपलं ॲप सापडल्यावर मी 'फोर्स स्टॉप' दाबायला सांगितलं. आत्या म्हणाली, "ते थांबायलंय हीच तर तक्रार. आणि तू म्हणतोस आणखी थांबव." तिच्या तर्काला उत्तर नव्हतं, उपायाला होतं. पुष्कळदा ॲप वरून मिटलेलं दिसतं, पण आत त्याचा एखादा तुकडा अर्धवट जागा राहून पुढच्या वेळी आडवा येतो. त्याला पुरतं झोपवून मग उठवायचं. फोन बंद करून चालू करण्यामागंही हेच. सगळा कामापुरता पसारा आवरला जातो आणि फोन कोऱ्या पाटीनं सुरू होतो. 'रिस्टार्ट मार' हा सल्ला लोक चेष्टेवारी नेतात, पण मला विचाराल तर तो फुकटातला सर्वांत प्रामाणिक उपाय आहे. देणाऱ्याला काही कळत नसलं तरी लागू पडतो.

आत्याच्या फोनाला तो लागू पडला नाही. मग पाळी आली कॅशेची. ॲपला वरचेवर लागणाऱ्या गोष्टी ते हाताशी काढून ठेवतं, त्यात कधी एखादी फाइल अर्धीमुर्धी लिहिली जाते आणि तिथंच दरवेळी ठेच लागते. तो साठा पुसला तरी काही बिघडत नाही, ॲप नवा करून घेतं. अडचण एवढीच, की 'क्लिअर कॅशे' या बटणाच्या शेजारी बहुतेक फोनांत दुसरं एक बटण असतं, सगळा डेटा पुसणारं. ते दाबलं की ॲप काल बाजारातून आणल्यासारखं कोरं होतं. वर्षानुवर्षांच्या गप्पा, ग्रुप, सगळ्यावर पाणी. ही दोन बटणं खेटून बसवणाऱ्या माणसाला कधी आपल्या आत्याशी फोनवर बोलावं लागलं नसणार.

"दोन बटणं दिसायलीत," आत्या म्हणाली. "दोन्ही दाबू?"

"नको!" मी एवढ्यानं ओरडलो, की आमच्याकडची मंडळी आतून धावत आली आणि तिकडे मामांना वाटलं फोनमधून शॉक बसला.

योग्य तेच दाबलं गेलं. ॲप उघडलं आणि उघडं राहिलं. आत्या खूश, मी विजयी. तासाभरानं पुन्हा फोन. "उघडलं की मिटायलंय."

तोवर इचलकरंजीत सल्लागार मंडळ जमलं होतं. समोरच्या वहिनी म्हणाल्या, काढून परत टाका, माझ्या सुनेनं तसंच केलं. (सुनेच्या गप्पांचं पुढं काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. बॅकअप आहे का हे न बघता ॲप काढणं म्हणजे काय, ते काढल्यावरच कळतं.) जावईबापू म्हणाले, फोनच डब्बा झालाय, या दिवाळीत नवा घेऊ; 'घेऊ'तला अनेकवचनी प्रत्यय कुणाच्या खिशाकडे वळलेला होता ते उघड होतं. नात कॉलेजातून आली, फोन हातात घेतला, दोन्ही अंगठे पडद्यावर दोन मिनिटं भिरभिरले आणि "झालं" म्हणून फोन परत दिला. काय केलंस? "काही नाही." हे या पिढीचं वैशिष्ट्य आहे, ती दुरुस्त करते, पण साक्ष देत नाही. रात्री पुन्हा मिटलं, तेव्हा नात क्लासला.

मामा फोन घेऊन बस स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात गेले. तिथल्या पोरानं न बघताच सांगितलं, "सॉफ्टवेअर मारायला लागेल. डेटाची गॅरंटी नाही." मोबाईलच्या दुकानात सॉफ्टवेअर हे नेहमी मारायचंच असतं, टाकायचं किंवा भरायचं नसतं. मामा म्हणाले, "गॅरंटी न्हाई तर मारतोस कशाला?" आणि फोन घेऊन परत आले. कंपनीची मदत? तीही आहे. सेटिंग, मग हेल्प, मग 'आम्हाला लिहा'. सगळं त्याच ॲपच्या आत. जे उघडत नाही त्याच्या आत.

इथं या रोगाची थोडी कुळकथा सांगायला हवी, नाहीतर दोष उगाच आत्याच्या बोटांवर जाईल. भल्याभल्यांची ॲपं मिटली आहेत, आणि कारणं ऐकली तर कुणाचा विश्वास बसणार नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत आयफोनवर एक तेलुगू जोडाक्षर दिसलं की निरोपाची ॲपं धडाधड मिटत होती. एकच अक्षर. ते मांडून दाखवण्याचा हिशेब फोनाला जुळेना, म्हणून ॲप कोसळे. अक्षर संभाषणात तसंच असल्यामुळे उघडलं की पुन्हा कोसळे. ॲपलनं काही दिवसांत सुधारित आवृत्ती काढून ते निस्तरलं. अक्षर कुठलं, तर 'ज्ञा'. लाखभर रुपयांचा फोन नुसत्या 'ज्ञा'नं आडवा पडला. आमच्या कौटुंबिक ग्रुपवर पहाटे पाचपासून ज्ञानाशिवाय दुसरं काही येत नाही, तरी मामांचा जुना फोन ठणठणीत आहे.

२०२० च्या मे महिन्याअखेरीस एका फोटोनं हाहाकार केला होता. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या एका तळ्याचा फोटो. डोंगर, पाणी, ढगांतून उतरणारं ऊन. खाली 'शुभ प्रभात' लिहायचं तेवढं राहिलेलं. तो वॉलपेपर म्हणून लावला की अँड्रॉइड १० वरचे काही फोन आपोआप बंद-चालू, बंद-चालू होत राहायचे. फोटोतल्या रंगांची नोंद वेगळ्या पद्धतीनं झालेली होती आणि फोनाचं ते गणित हाताबाहेर जात होतं. पुढच्या मार्चमध्ये, म्हणजे २०२१ त, जगभर अँड्रॉइड फोनांवर जीमेलसारखी ॲपं पटापट मिटू लागली, आणि दोष त्यांतल्या कुणाचाच नव्हता. ॲपच्या पोटात वेबपान दाखवणारा 'वेबव्ह्यू' नावाचा एक सामाईक भाग अँड्रॉइडमध्ये असतो. त्याचा अपडेट बिघडला आणि त्याच्यावर विसंबलेले सगळे आपटले. लोक आपापलं ॲप काढून परत टाकत बसले होते. बिघाड शेजारच्या खोलीत होता.

आणि ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र कोण विसरेल? आपल्याकडे नऊ वाजून गेले होते, जेवणं आटोपली होती, पितृपंधरवडा सरत आला होता आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही एकदम गप्प झाली. सहा-एक तास. कंपनीनंच आपल्या जाळ्याच्या देखभालीत एक चुकीचा आदेश दिला आणि साऱ्या जगाला तिचा पत्ता सापडेनासा झाला. दुरुस्तीला निघालेल्या तिच्या स्वतःच्या माणसांनाही दारं उघडेनात. त्या रात्री आमच्या इमारतीत घरोघरी राउटर बंद-चालू झाले, सिमकार्डं काढून साडीच्या पदराला पुसली गेली, केबलवाल्याला शिव्या बसल्या. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. ॲप अडलं की आधी शेजाऱ्याला विचारायचं, तुमचं चालतंय का? त्याचंही बंद असेल तर चहा टाकायचा.

इचलकरंजीत बाकी सगळ्यांचं चालू होतं. अक्षर नव्हतं, तळं नव्हतं. म्हणून शेवटी मी आत्याला स्टोरेजच्या पानावर नेलं आणि वरचा आकडा वाचायला सांगितला. ६४ जीबीच्या फोनात श्वास घ्यायला जागा नव्हती. कुलूप उघडलं आणि किल्ली निघाली ती अशी साधी. ॲपला आलेला प्रत्येक निरोप, अगदी 'हो' आणि 'बरं' सुद्धा, आपल्या वहीत लिहून ठेवावा लागतो. उघडल्याबरोबर ते वही काढतं, नवीन आलेलं नोंदवायला जातं. पान शिल्लक नसलं की हात टेकतं. वर रोज रात्री दोन वाजता स्वतःच्या गप्पांची एक प्रत काढून ठेवायची त्याची रीत. तीही जागा मागते. कॅशे पुसल्यावर तासभर चाललं, कारण तेवढीच जागा झाली होती. तासाभरात ती इचलकरंजीनं भरून काढली.

यात आत्या एकटी नाही. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेच्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं बातमी दिली होती, की भारतातले फोन इतके का अडकतात याचा गूगलच्या संशोधकांनी माग काढला, तर सापडले सुप्रभातचे फोटो. उगवता सूर्य, गुलाब, वाफाळता चहा, दव पडलेली पानं. त्याच बातमीत वेस्टर्न डिजिटल या साठवणुकीची साधनं बनवणाऱ्या कंपनीचा हवाला होता: भारतात दर तीन स्मार्टफोनधारकांतल्या एकाची जागा रोज संपते, अमेरिकेत दहांतल्या एकाची. गूगलनं त्याच सुमारास फोनातला पसारा आवरणारं एक ॲपही काढलं. एवढी मोठी कंपनी, एवढे संगणकतज्ज्ञ, आणि त्यांना उभं राहावं लागलं ते आमच्या आत्यांच्या विरुद्ध.

रोगनिदान झालं, उपचार सोपा: फोटो पुसायचे. इथून पुढं खरी अडचण सुरू झाली.

"हे वन्संनी पाठवलंय. पुसलं तर त्यांना कळेल?"

"नाही कळणार."

"तुला कसं माहीत? तुझ्या आत्याच्या वन्सं हायत त्या. त्यांना सगळं कळतंय."

मग भाच्याच्या मुलाचा बालवाडीतला नाच. तोच नाच सात जणांकडून. पुसायचा कुठला? सहा पुसले तर त्या सहा घरांशी वाकडं. मग भिशीच्या बायकांनी पैसे भरल्याच्या पावत्यांचे फोटो, महिन्यांमागून महिने; भिशीचा हिशेब आत्याकडे असतो, त्यामुळे त्या पुरावा म्हणून राखीव. मग हळदीचे गुणधर्म, सांधेदुखीवर निर्गुडी, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक. हे पुसायला तिची ना नव्हती, पण ते सगळं मिळून चिमूटभर निघालं. खरा ढीग देवांचा होता. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शुक्रवारी अंबाबाई, शनिवारी मारुती. प्रत्येकाचा हार, प्रत्येकाचा दिवा, काहींचे दिवे तर हलते. हलत्या दिव्याला साध्या दिव्यापेक्षा पुष्कळ जास्त जागा लागते.

"देवाचा फोटो कसा पुसायचा रे? हात धजत नाही."

यावर मात्र मला सुचलं. मी म्हटलं, "आत्या, तू दरवर्षी गणपती बसवतेस. दहाव्या दिवशी काय करतेस?"

"विसर्जन."

"मग?"

ती थांबली. मामाही थांबले. शेवटी तिनं विचारलं, "उत्तरपूजा?" मी म्हटलं, उत्तरपूजेला मूर्ती जागेवरून जरा हलवतात ना, तसं इथं फोटोवर बोट क्षणभर दाबून धरायचं, तो हलल्यासारखा होऊन निवडला जातो. एकदम पाच-पन्नास निवडता येतात. दुसऱ्या दिवशी पहाटे हेच सगळे देव नव्या हारांसह येणार यात दोघांनाही शंका नव्हती, त्यामुळे 'पुनरागमनाय च' म्हणायला तिला मुळीच जड गेलं नाही. मामांनी टाळ आणू का, असं विचारलं.

सगळं बुडवून झालं, तरी स्टोरेजचा आकडा जागचा हलेना. कारण बऱ्याच फोनांत पुसलेले फोटो आधी कचरापेटीत जातात आणि तिथं ३० दिवस बसून राहतात, जागा अडवून. म्हणजे मूर्ती घाटापर्यंत गेल्या, पण कुंडातच राहिल्या. आत्यानं ती पेटीही रिकामी केली, फक्त त्या बटणावर 'कायमचे' असा शब्द दिसल्यावर ते दाबायचं काम मामांवर सोपवलं.

फोटो आपोआप उतरवून घ्यायची सोय बंद कर, हा माझा पुढचा सल्ला. म्हणजे ज्याला हात लावशील तेवढाच फोटो येईल. तो तिला काही केल्या मानवेना. धुरकट चौकोन आणि मध्ये खालच्या दिशेचा बाण, हा तिच्या मते पाठवणाऱ्याचा अपमान. दारात आलेल्याला जाळीतूनच विचारणं, कोण हवंय म्हणून. शेवटी तडजोड झाली. व्हिडिओ आपोआप उतरणार नाहीत, फोटो उतरतील. मी फारसा वाद घातला नाही. तिच्या फोनात कुणाला थेट आत घ्यायचं, हे ठरवणारा मी कोण?

ॲप उघडलं. मिटलं नाही. पण आत गप्पांच्या जागी एक पाटी: तुमच्या फोनाची तारीख चुकीची आहे, ती दुरुस्त करा. आता हे कुठून आलं? चौकशीअंती शेजारचं पोरगं सापडलं. ते रोज दुपारी आत्याच्या फोनावर टॉफ्या फोडायचा खेळ खेळतं. खेळातले जीव संपले की नव्या जिवांसाठी ताटकळायला लागतं. त्यावर त्यानं घड्याळच पुढे ढकलायची युक्ती शोधली होती. आत्याच्या फोनात दसरा होऊन गेला होता. बाकीच्या जगात अजून घट बसायचे होते. ॲपला हे चालत नाही. पलीकडच्या यंत्राशी सुरक्षित बोलणं करताना दोघांची घड्याळं साधारण जुळावी लागतात, नाहीतर ओळख पटत नाही आणि दार उघडत नाही. एरवी मी त्या पोराला बोललो असतो. पण सल्लागार मंडळातल्या एकालाही जी तारीख बदलता आली नसती, ती त्यानं पाचवीत असताना बदलली होती.

तारीख आपोआप घेण्याचं बटण चालू केलं, आणि सगळं एकदम आलं. फोनवर मला नुसतं टिंग टिंग टिंग ऐकू येत होतं, मध्ये श्वास न घेता. आत्या वाचत सुटली. वन्संनी आधी सुप्रभात, मग 'बरी आहेस ना', मग नुसतं प्रश्नचिन्ह आणि मग काहीच नाही, म्हणजे राग. मिरजेच्या काकूंनी तब्येतीची चौकशी आडून केली होती. एका चुलतभावानं नव्या घराचे फोटो टाकले होते आणि त्यावर आत्याचं 'छान' न आल्यामुळे ते परत टाकले होते. भिशीच्या ग्रुपवर तर रणकंदन. दोघींनी पैसे उशिरा भरले होते, त्यांना दंड लावायचा का नाही यावर दोन तट पडले होते आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, की हिशेब ताईंकडे आहे, ताई सांगतील ते खरं.

"आता लिही सगळ्यांना," मी म्हटलं, "फोन बिघडला होता, आता चालू झाला."

"कशाला?"

"अगं, वाट बघतायत."

"बघू दे की. त्या दोघींतली एक माझी विहीण आणि दुसरी आमच्या घरमालकाची बायको. दंड लावला तरी मेले, सोडला तरी मेले. येत्या सोमवारी हळदीकुंकवाला सगळ्याजणी भेटतील, तिथं आपसांत काय ते मिटवतील. तोवर माझं बिघडलेलंच आहे. तू कुणाला बोलू नकोस. मामांना मी सांगते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि एक सांग. मी आत आलेली, ऑनलाइन असलेली कुणाला दिसू नये, ते बटण कुठं असतंय?"

"त्यासाठी आधी स्पीकर चालू कर, मग सेटिंग..."

"पोचले की मी तिथं. पुढं बोल."